आधी बटण, मग चिमटा

आण्णा, घरात बॅटरी आणायचं ठरतंय. तुम्ही गेल्यापासून मोबाईल आणि टॉर्च सोडले तर आमच्या घरात बॅटरी आलेली नाही. लाईट गेली की राजारामपुरीतल्या या अख्ख्या इमारतीत इन्व्हर्टर सुरू होतात आणि फक्त आमच्या खिडकीत मेणबत्ती दिसते. "बॅटरीवाल्याची लेक तुम्ही, आणि घरात इन्व्हर्टर न्हाय व्हय?" असं वरच्या मजल्यावरच्या बाई दर उन्हाळ्यात विचारतात. मी दर उन्हाळ्यात हसून वेळ मारून नेते. आता मात्र विचारणारी माझी लेक आहे, आणि तिला हसून टाळता येत नाही.

तुमची नात खाली पार्किंगमध्ये गाडी बांधते आहे. भंगारातून एका जुन्या मोटारसायकलचा सांगाडा आणला, त्याचं इंजिन काढून टाकलं आणि आता त्यात विजेची मोटर बसवली आहे. डांबरी रस्त्यासाठी नाही. दगडातून, चिखलातून, चढावरून जाणारी गाडी तिला हवी आहे. तिचे मित्र पेट्रोलच्या गाड्या घेऊन गारगोटीच्या पुढच्या डोंगरात जातात, आणि हिला त्यांच्याबरोबर जाऊन न थांबता परत यायचं आहे. बाकी सगळं जुळलं आहे. अडलंय ते बॅटरीवर. तिच्यापुढे दोन प्रकार आहेत. एक हलका, मोबाईलमध्ये असतो तशातला. लांब पळवतो, चढाला जोर देतो, पण दगडावर आपटून आतून चेचला गेला तर पेटतो, आणि पेटला की सहजासहजी विझत नाही. दुसरा फॉस्फेटचा, जड, जागा जास्त खाणारा, पण स्वभावानं थंड. तिनं दोन्हींच्या मापाची पुठ्ठ्याची खोकी केली आणि सांगाड्यात आलटून पालटून बसवून मला दाखवली. जडातली मोठी बॅटरी मावतच नाही. लहान मावते, पण ती डोंगरात जाऊन परत यायला जेमतेम पुरेल.

"आता तू सांग," ती म्हणाली. "चार्जिंग वरती घरात करायचंय. घर तुझं हाय."

मी म्हणाले, "कुठलीच नको."

"नको हे काय कारण न्हवं, आई. कारण सांग, मी ऐकतो." इथल्या मुलींसारखी तीही स्वतःबद्दल 'ऐकतो', 'जातो' असंच बोलते. तुम्हाला ते ऐकून हसू आलं असतं.

कारण मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आजोबा दुकानात अपघातात गेले, एवढंच तिला माहीत. एवढंच मी स्वतःलाही सांगत आले. पण आण्णा, तुम्ही काही त्या वाक्यात बसून राहिला नाहीत. मोबाईल चार्जरवरून काढायचा असला की मी आधी भिंतीवरचं बटण बंद करते, मगच पिन काढते. घरात सगळे त्यावरून माझी टिंगल करतात. त्यांना वाटतं वीज वाचवते. मला तर दर वेळी मागून तुमचा आवाज येतो: "बटण?" तेवढाच एक शब्द. मुरगूडच्या आपल्या दुकानातल्या चार्जिंगच्या खोलीत मी एकदा बटण चालू असतानाच बॅटरीवरचा, चार्जरच्या तारेचा चिमटा उपटला होता, बारीक ठिणगी उडाली होती, आणि तुम्ही माझं मनगट धरून मला उन्हात बाहेर आणलं होतंत. मारलं नाहीत. "आधी बटण, मग चिमटा. म्हण." मी म्हटलं. "पुन्ना म्हण." रस्त्यावरून बाजाराला जाणारी माणसं बघत होती आणि मी रडत म्हणत होते.

ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. लाकडी फळ्यांवर ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या बॅटऱ्या ओळीनं मांडल्या आहेत, बुचं काढलेली आहेत, आतलं पाणी बारीक उकळल्यासारखं फुसफुसतंय. चार्जर घुमतोय. ॲसिडचा तो आंबूस वास घशात बसतो. तुमच्या खाकी शर्टाला बारीक भोकं आहेत. आई म्हणते, धुतला की आणखी दोन वाढतात. आणि शेजारच्या अंगणाच्या बाजूला ती एकुलती एक खिडकी, जी तुम्ही थंडीतही लावू देत नव्हता, कारण चार्ज होताना बॅटरीतून ठिणगीनं भडकणारा वायू सुटतो आणि तो बाहेर जायलाच हवा. त्याच खिडकीत तुम्ही माझ्यासाठी दिवा केला होतात. मेलेल्या बॅटरीच्या सहा घरांतलं, म्हणजे सेलमधलं, एकच घर जिवंत होतं, त्यावर तुम्ही टॉर्चचा बल्ब लावलात. लाईट गेली की मी त्यावर अभ्यास करायचे. पुढे कितीतरी दिव्यांखाली काम केलं, लिहिण्याच्या कामात, वेळेत मजकूर देण्यातच आयुष्य गेलं, पण तसला पिवळा उजेड परत मिळाला नाही.

त्या दिवशी शेजारी साखरपुडा होता. शेजारच्या काकी हातात ताट घेऊनच खिडकीशी आल्या. "दाजी, पावणं आल्यात. वासानं खोकाय लागल्यात. जेवणं होईस्तोवर तेवढी खिडकी लावा की." तुम्ही एका शब्दानं नाही म्हणाला नाहीत. लग्नघरच्या पाहुण्यांना आपल्यामुळं खोकला यावा, हे तुम्हाला कसं चालेल? खिडकी लावलीत. दारही ओढून घेतलंत. चार्जिंग बंद केलं नाहीत, कारण एका गिऱ्हाइकाला सकाळी ट्रॅक्टर शेतात न्यायचा होता. मी त्या अंगणातच पंगतीत बसले होते. पानात जिलेबी होती. धाडकन आवाज झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरांनी फटाका लावला. एक पाहुणे म्हणाले, "नवरदेवाकडचा दिसतोय, लई दणका हाय!" पंगत हसली. मीही हसले. ते हसू माझ्या कानात अजून आहे, आण्णा. त्यात माझा आवाज मला वेगळा ऐकू येतो.

दवाखान्यात तुमचे डोळे बांधले होते. तुम्ही विचारलंत, "पावण्यांस्नी काय लागलं न्हाय न्हवं?" आई नाही म्हणाली. मग म्हणालात, "त्यास्नी काय बोलू नका. शुभकार्य हाय." त्यानंतर तुम्ही फारसं बोललाच नाहीत.

हे सगळं मी लेकीला पार्किंगमध्ये, त्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून सांगितलं. ती हातातला पाना तसाच धरून ऐकत होती. मला वाटलं, रडेल. तिनं विचारलं, "ठिणगी कशाची? चिमट्याची?"

मी म्हणाले, "नाही. बॅटरीवरचे चिमटे जागच्या जागी होते, असं सगळे सांगत होते. चार्जिंग बंद करायला आत गेले तेव्हा त्यांनी आधी बटणच दाबलं असणार." आणि बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. बटणातही ठिणगी पडते, आणि बंद खोली वायूनं भरलेली होती. तुम्ही नियम मोडला नव्हता, आण्णा. तुम्ही तो पाळलात.

"बटण कुठं होतं?"

"आतच. दारामागं."

"बाहेर पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा सांगाड्यात टेप टाकून माप घेऊ लागली.

क्षणभर मला तिचा राग आला. इतकी वर्षं मी त्या खिडकीशी भांडत होते. काकींशी भांडले, न बघितलेल्या नवरदेवाशी भांडले, तुमच्या भिडस्तपणाशी सर्वांत जास्त. बटणाच्या जागेचा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मग राग उतरला आणि वाटलं, पळत मुरगूडला जावं आणि तुम्हाला सांगावं: खिडकी राहू दे लावलेली, फक्त बटण बाहेर घ्या. तिथं आता बांगड्यांचं दुकान आहे.

जरा वेळानं ती टेप गुंडाळत म्हणाली, "जड घेतो. लहानच. पोरं चढावर थांबतील, हसतील, हसू देत. तू झोपशील तरी." मी तिला अडवलं नाही. हलकी घे म्हणायचा धीर मला झाला नाही, आणि तिनंही तशी परवानगी मागितली नाही.

हे मी थोडं थोडं करून लिहीत आले; बॅटरी आज आली. मागच्या बाल्कनीशेजारच्या खोलीत चार्जिंगला लावली आहे. तिनं बटण खोलीबाहेर, पॅसेजमध्ये घेतलंय. या बॅटरीतून चार्ज होताना वायू सुटत नाही, खिडकीची गरज नाही, हे तिनं मला नीट समजावलं आणि मला पटलंही. तरी मी जाऊन खिडकी उघडून आले. आता इथं पॅसेजमध्ये खुर्ची टाकून लिहिते आहे. आवाज काहीच नाही, वासही नाही, आणि तेच जड जातंय. लिहून झालं की हे कागद कपाटात तुमच्या खाकी शर्टाखाली जातील.

एक मात्र सांगते. शेजारच्या फ्लॅटमध्ये आज पाहुणे आहेत, दाराशी चपला मावत नाहीत. आत्ता कुणी येऊन म्हणालं, "पावणं आल्यात, तेवढी खिडकी लावा की," तर मला नाही म्हणता येईल असं वाटत नाही, आण्णा. मी उठून लावेन.