‘उलटा पंखा’चा दुसरा गिटारवाला

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. उद्या बँडचा इतिहास लिहायची वेळ आली तर कुणाकडे तरी तारखा हव्यात. बँडचं नाव ‘उलटा पंखा’. गायला आणि बासला माझी मेहुणी, ड्रमवर तिचा वर्गमित्र, मुख्य गिटार लंबू. दुसरी गिटार आणि एकूण नेतृत्व मी.
संकल्प : रोज दोन तास सराव. सहा महिन्यांत विमा कंपनीतली नोकरी सोडणे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन कर.

९ जानेवारी
पहिला शो, एका कॉलेजात. सुरुवातीला माणसं चाळीस, शेवटी अकरा, त्यातले चार आयोजक. हॉलचं दार अगदी समोर. उठून जायचा मोह होणारच.
सराव नाही. मान अवघडली आहे.

२० जानेवारी
नवा साउंडवाला. वयस्कर, कमी बोलतो. साउंड चेकला मला एकट्याला दोनदा वाजवायला लावलं, डोळे मिटून ऐकलं. मग स्वतः उठून माझ्या पायाशी मॉनिटर ठेवला. म्हणजे वाजवणाऱ्याला आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून असतो तो स्पीकर. म्हणाला, यात फक्त तुमचंच देतो, भरपूर देतो. संगीत कळणारा माणूस इतक्या वर्षांत प्रथमच भेटला.

२४ जानेवारी, सकाळी ७
काल एकही माणूस उठला नाही. दोनदा वन्स मोअर. मी म्हणतच होतो, माझा हात बसायला एक शो लागतो.

११ फेब्रुवारी
पाच गावं, पाचही हाउसफुल्ल. काल तिसऱ्या गाण्यात माझ्या दोन तारा तुटल्या, तरी लोक तेवढेच नाचत होते. एकदा हवा निर्माण केली की तारांवाचून अडत नाही.
सराव : दौऱ्यात वेळ कुठे मिळतो.

१९ फेब्रुवारी
ड्रमरने विचारलं, चौथ्या गाण्यात तुम्ही नेमका कुठला कॉर्ड वाजवता. म्हटलं, मी कॉर्ड नाही, भावना वाजवतो. बरं, म्हणाला. लंबूला जोरात ठसका लागला. त्याने छातीचा फोटो काढून घ्यायला हवा.

२ मार्च
शोनंतर एक मुलगी धावत आली आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. तिचा लंबूबरोबर फोटो काढायचा होता. कलाकाराची नजर वेगळी असते, हे लोकांना कळतं.

८ मार्च
मोठी बातमी. चौदा तारखेच्या शोचं रेकॉर्डिंग होणार, त्याचा लाइव्ह अल्बम निघणार. राजीनामा टाइप केला. बायको म्हणाली, रेकॉर्डिंग ऐक आणि मग दे. पत्र बॅगेत ठेवलं आहे.

२१ मार्च
स्टुडिओत सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकलं. नऊ गाणी. मी एकातही नाही.
रेकॉर्डिस्टला म्हटलं, माझा ट्रॅक दाखव. त्याने पडद्यावर दाखवला. सरळ रेघ.
साउंडवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, मी आल्यापासून तुम्हाला बाहेरच्या स्पीकरला दिलंच नाही, साहेब, रेकॉर्डिंगलाही नाही. फक्त तुमच्या मॉनिटरला. मेहुणीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, होतं भाऊजी, पण ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?
म्हणजे लोक नाचत होते ते माझ्याशिवाय.

२२ मार्च
हे कटकारस्थान आहे. पुढच्या शोला माझा आवाज बाहेर सोडायचा, नाहीतर मी बँड मोडतो, असं बजावलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुणी म्हणाली, ठीक आहे, एका गाण्याला.
संकल्प : पाच दिवस रोज सहा तास सराव.
(पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं. बोटं दुखतात.)

२८ मार्च, सकाळी
काल माझा आवाज बाहेर सोडला. अर्ध्या कडव्यात हॉलचा मॅनेजर स्टेजवर धावत आला आणि वायरी ओढून बघायला लागला. मागून इलेक्ट्रिशियन. पुढच्या रांगेतले लोक कानावर हात ठेवून खुणा करत होते. अकरा मिनिटं शो बंद. मेहुणीने माइकवर तांत्रिक बिघाडाबद्दल माफी मागितली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
खोटं कशाला लिहू, मेकअप रूमची कडी लावून रडलो.

३१ मार्च
राजीनामा फाडला. बायकोने चहा दिला आणि ती शेजारी बसून राहिली.

५ एप्रिल, सकाळी
काल दौऱ्यातला शेवटचा शो. साउंड चेकच्या आधी मी एकटाच साउंडवाल्याकडे गेलो. म्हटलं, बाहेर बंदच ठेवा. मग म्हटलं, माझ्या मॉनिटरला मात्र जरा जास्त द्या. त्याने दिलं.
लोक वेड्यासारखे नाचले. आजवर इतकं सुंदर मी कधीच वाजवलं नव्हतं.