नंबर असलेलं सगळं

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "शाळाच विकली, मग आता तिथं येऊन मी काय बघू?" आणि मला उत्तर सुचलं नाही. मला! जिचं तोंड बंद करणं या घरात आजवर कुणाला जमलं नाही. म्हणून आता सवडीने लिहिते आहे. चहा घेऊन बस आणि मधेच उठू नकोस.

तर शाळा गेली. सैन्यातून निवृत्त झाल्यावर आजोबांनी ओसाड माळावर काढलेली आणि त्यांच्यामागे बाबांनी जन्मभर सांभाळलेली आपली सैनिकी शाळा एका कंपनीने घेतली. बोलणी करायला आलेला माणूस चांगल्या कोटाखाली पळायचे बूट घालून आला होता. बाबांनी आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि तेव्हापासून त्याचं नाव 'पळपुटे' पडलं. माणूस तसा वाईट नाही. मास्तर, कवायत घेणारे उस्ताद, मेसमधली माणसं, सगळ्यांना ठेवून घेतो म्हणाला. फक्त सकाळची परेड ऐच्छिक होणार. ऐच्छिक परेड! बाबा बसल्या जागी इतके हसले की ठसका लागला, मला पाणी आणायला धावावं लागलं.

का विकली हे तू विचारलं नाहीस. मीच सांगते, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामुळे नाही. तू जनावरांचा डॉक्टर झालास ते बरंच केलंस, कुत्र्या-मांजरांना सलाम ठोकायला लावत नाहीस म्हणजे मिळवलं. इथं मुलं कमी होत चालली होती. आईबापांना शिस्त हवी असते, पण आपल्या बाळाला कुणी ओरडलेलं खपत नाही. त्यात बाबांचे गुडघे. राहता राहिले मी. आईच्या मागे मेस आणि कोठार माझ्याकडेच होतं. दुधापासून बुटांच्या नाड्यांपर्यंत सगळं माझ्या हाताखालून जायचं. पण शाळा ताईने चालवावी हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. मला राग आला होता, अजून येतो. तसं मी बोलूनही दाखवलं, तर बाबा म्हणाले, "तू मागितली असतीस तर दिली असती." आता मागायची असते हे मला कुणी सांगितलं होतं? असो. त्यांचं माझं भांडण आम्ही दोघं रोज थोडं थोडं भांडतो.

मुख्य सांगायचं ते वेगळंच. आजोबांची पद्धत तुला आठवत असेलच, शाळेत जे जे आहे त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर. खुर्च्या, बादल्या, घंटा, डाव. आपलं घरही फाटकाच्या आतच, त्यामुळे रंगारी आला की समोर दिसेल त्यावर नंबर टाकून मोकळा व्हायचा. आईच्या शिलाई मशीनलाही त्याने सोडलं नव्हतं. आणि माणसांनाही नंबर. दहाव्या वर्षी तू गणवेश चढवलास आणि एकशे बारा झालास. फाटकाच्या आत बापलेक नाहीत, सर आणि एकशे बारा. आजोबांनी बाबांना असंच वाढवलं, बाबांनी तुला. मला गणवेश नव्हता, म्हणून मला बाबा मिळाले आणि तुला शाळा.

तू भिंतीवरून पडलास तो दिवस मी विसरलेले नाही. मेसच्या खिडकीत आईला मदत करत उभी होते. अडथळ्यांची ती उंच भिंत, तुझा हात सुटला, मनगट मोडलं आणि तू "बाबा!" म्हणून हाक मारलीस. अख्ख्या मैदानाने ऐकली. बाबा जवळच होते. त्यांनी पाऊल पुढे टाकलं, मग मागे घेतलं आणि उस्तादांना पाठवलं. पुढे टाकलेलं ते पाऊल मी पाहिलं. तू पाहिलं नाहीस, तू धुळीत तोंड खुपसून पडला होतास. त्यानंतर फाटकाच्या आत काय नि बाहेर काय, तुझ्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला नाही. आई गेली तेव्हा आलास, तेव्हाही जाताना म्हणालास, "सर, मी निघतो." ते म्हणाले, "ठीक." दोघांच्याही थोबाडीत एकेक द्यावीशी वाटली मला.

आता विक्रीची गंमत ऐक. करारात बाबांनी मोठ्या रुबाबात घालायला लावलं होतं की नंबर असलेली प्रत्येक वस्तू शाळेची. झालं! ताबा घ्यायच्या दिवशी कंपनीची माणसं आपल्या घरात शिरली आणि जेवायचं टेबल उचलायला लागली. मग पलंग, मग कपाट. पळपुटे बिचारा ओशाळला, राहू द्या म्हणाला. पण बाबा कसले ऐकतात! "नंबर आहे ना? मग शाळेचं." मी सरळ चाकू घेतला, मशीनवरचा नंबर सगळ्यांदेखत खरवडला आणि मशीन बाहेर नेऊन ठेवलं. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बाकी घर मात्र डोळ्यांदेखत गेलं.

मग माळ्यावरून तुझी शाळेतली, गणवेश ठेवायची काळी पेटी उतरली. झाकणावर हा एवढा मोठा एकशे बारा. हमाल ती घेऊन दारापर्यंत पोचला आणि बाबा उठले, काठी न घेता. पेटीवर हात ठेवून म्हणाले, "ही नाही." कंपनीचा कारकून म्हणाला, "साहेब, पण नंबर आहे यावर." बाबा म्हणाले, "तो नंबर नाही. तो माझा मुलगा आहे." फाटकाच्या आत, उस्तादांसमोर, सगळ्यांसमोर. मग स्वतःच दचकल्यासारखे झाले. उस्ताद दुसरीकडे बघायला लागले आणि मी आत जाऊन रडले.

पेटी आता नव्या घरात त्यांच्या खिडकीखाली आहे. तिच्यावर मला साधी घडी केलेली चादर ठेवू देत नाहीत. काल मला म्हणाले, "विचार त्याला, पेटी पाठवून देऊ का." म्हणून हे पत्र. तू म्हणशील, फेकून दे. मी विचारणारच नाही. तू ये आणि स्वतःच्या हातांनी घेऊन जा, नाहीतर तिथंच राहू दे, पण ये. हे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, त्याला फाटक नाही. दार बाबा उघडतील आणि "आलास?" एवढंच म्हणतील. त्याहून जास्त त्यांना मागता येत नाही, आपल्या घरात ते कुणालाच येत नाही. तेव्हा हाक तुलाच मारावी लागेल. त्या दिवशी मारली होतीस तेवढ्याच मोठ्याने मार, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

तुझीच, बिननंबरी
ताई