कोपऱ्यातल्या बकुळीचं पाणी

३ मार्च १९३८
सोनीला जाऊन आज बावीस दिवस. कुठं पुरली, ते हे सांगत नाहीत. "बायकांनी ते विचारायचं नसतं." एवढंच! नऊ महिने पोटात, तीन महिने मांडीवर — आणि जागा विचारायची नाही.

५ मार्च
घरमालकीण जसोदाबाईंनी बळेच बाहेर काढलं. "घरमा बसीसन काय व्हई? चाल, जरा हवा खाय." नेलं कुठं, तर गोऱ्या लोकांच्या जुन्या कबरस्थानात! पण आत चक्क बाग — कडुनिंबाची सावली, मुरमाच्या वाटा, बसायला बाक. कबरींवर बुलबुल खुशाल बसलेले. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

९ मार्च
एकटीच गेले. एक कबर अगदी लहान. माळी हिलाल म्हणाला, चार महिन्यांचा पोरगा. आई विलायतेला परत गेली.
"तिला जागा तरी ठाऊक आहे. माझ्या सोनीची मला नाही," तोंडून निघून गेलं.
हिलालनं पागोटं सोडून पुन्हा बांधलं.

१० मार्च
आज हिलालनं झारीच हातात दिली. "मन्ही कंबर धरी ऱ्हायनी, बाई. त्या कोपरामा बकुळनं रोप शे. त्याले रोज पानी टाका." हुकूमच! टाकलं. वीतभर रोप, चार पानं.

२८ मार्च
पाचवं पान आलं. दिवसभर संध्याकाळची वाट पाहते. ह्यांना सांगितलं नाही. हेही पहाटे कुठं जातात, सांगत नाहीत. एका घरात दोन मुके.

१७ एप्रिल
धुळ्याला बदली. परवा निघायचं. गाव सुटलं की सोनी कायमचीच हरवली. जेवताना शेवटचं विचारलं. हे पानावरून उठले. फार राग आला. मग पाहिलं — मागीलदारी तोंडावर पाणी मारत होते, कितीतरी वेळ.

१९ एप्रिल
सामान गाडीत चढलं. हे म्हणाले, "चल जरा." बागेच्या फाटकातून आत, थेट कोपऱ्यात. बकुळीपाशी थांबले.
"इथं आहे सोनी. नदीकाठी कोल्हे उकरतात, तिथं ठेववेना. हिलालनं जागा दिली. कुणाला सांगणार नाही म्हणाला. मी रोज पहाटे येतो. माती ओलीच असते — हिलालची फार माया."
मी खाली बसले. मातीवर हात ठेवला.
"हिलालची कंबर धरलीय," म्हटलं. "पाणी मी घालते."