सोमवार-बुधवार, अकराचा तास

अप्पा, तुमचा तो चकत्यांचा डबा मी गेल्या आठवड्यात माळ्यावरून खाली काढला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, घराला दोनदा रंग झाला, आईही गेली, तरी तो डबा कुणी टाकला नव्हता आणि कुणी उघडलाही नव्हता. मी काही तुमच्या आठवणीनं उघडला नाही, खोटं कशाला बोलू. कॉलेजचं काम अडलं होतं म्हणून उघडला, आणि आता रविवारची दुपार घालवून तुमच्याशी भांडत बसले आहे.

ज्या कॉलेजात तुम्ही गणित शिकवलंत तिथंच मी भूगर्भशास्त्र शिकवते, हे तुम्ही पाहून गेलात. आता विभागप्रमुख आहे, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, आणि अशा वेळी प्राचार्यांनी एक नवी पदवी माझ्या गळ्यात घातली आहे. एकाच पदवीत भूगर्भशास्त्र, इतिहास आणि कन्नड. शिलालेख ज्या दगडावर कोरलाय तो दगड ओळखायचा आणि त्यावर काय लिहिलंय तेही वाचायचं. कल्पना माझीच, अठराव्या वर्षापासूनची, पण ती कागदावर उतरवताना जीव मेटाकुटीला आलाय. मधे चार वर्षांची पदवी आली, आम्ही सगळे अभ्यासक्रम नव्यानं लिहिले. ती गेली, पुन्हा तीन वर्षांची आली, पुन्हा लिहिले. या पदवीसाठी उन्हाळ्यापासून सात बैठका झाल्या. दर बैठकीला गिरमिटाच्या प्लेटा येतात, चुरमुरे मऊ पडेपर्यंत लोक बोलतात, आणि बोलणं फिरून फिरून तासांवर येतं. इतिहासवाल्यांना आपला एकही तास कमी व्हायला नको, कन्नडवाल्यांनाही नको. भौतिकशास्त्राचे प्रमुख दर वेळी न चुकता म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. यातून मुलांना काय येणार, हा प्रश्न सात बैठकांत एकदाच निघाला, तोही चहा आल्यावर मागे पडला.

शेवटी सगळं वेळापत्रकाशी येऊन थांबलं. संगणक सारखा लाल चौकोन दाखवायचा, अमुक तासाला तमुक तास आडवा येतो म्हणून. तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मे महिना संपत आलाय, आई पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही जमिनीवर मोठा तक्ता पसरून बसला आहात. वर्षभरात आलेल्या लग्नपत्रिका आपल्या घरी कधी टाकल्या जात नसत. त्यांच्या चकत्या कापायचं काम माझं आणि अक्काचं. गुलाबी पत्रिका भाषांना, पिवळ्या शास्त्राला, लाल इतिहास-अर्थशास्त्राला, आणि कोपऱ्याला हळद लागलेल्या चकत्या तुमच्या स्वतःच्या. साऱ्या कॉलेजचं वेळापत्रक तुम्ही त्या चकत्या सरकवत लावायचात. आई लाटणं हातात धरून तुमच्या तक्त्याला वळसा घालून जायची. एखादी चकती कुठंच बसली नाही की तुम्ही ती कपाळाला लावायचात आणि म्हणायचात, बसत नाही. हे तुमचे दोन शब्द आपल्या घरचा कायदा होते. मावशीकडे जायचं, सिनेमाला जायचं, काहीही विचारलं आणि तुम्ही 'बसत नाही' म्हणालात की संपलं. त्यावर 'का' विचारायचं असतं, हे आपल्या घरात कुणाला सुचलंच नाही.

पी.यू.सी.ची, म्हणजे बारावीची, परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत तिखटाच्या मिरच्या आणायला आपण दोघं अमरगोळला गेलो होतो. तुमचं अडत्याशी भावावरून चाललेलं, मी जवळच्या देवळाकडे गेले. तिथं अक्षरं कोरलेला एक काळपट, हिरवट दगड उभा होता, उन्हात असूनही हाताला गार लागणारा. परतताना बसमधे मी तुम्हाला विचारलं, हा दगड कसला आणि यावर लिहिलंय काय. तुम्ही म्हणालात, पहिलं भूगर्भशास्त्राच्या सरांना विचार, दुसरं इतिहासाच्या. मग मी दोघांकडेही शिकायचं ठरवलं. त्या वर्षी कॉलेजात शास्त्राच्या मुलांना कलाशाखेचा एक विषय जादा घ्यायची सवलत निघाली होती. प्राचार्यांनी मला सांगितलं, वेळापत्रकात बसत असेल तर खुशाल घे. मी पळत घरी आले. वेळापत्रक तर आमच्या घरचं, मग काळजी कसली. तुम्ही तक्त्याकडे पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, आणि म्हणालात, "सोमवारी-बुधवारी अकराला दोन्ही येतंय बघ. बसत नाही. एक धर, पण नीट धर. दोन दगडांवर पाय ठेवून कुणाचं भलं झालं नाही." मी रडले. आईनं ताटात गूळपोळी वाढली तीही खाल्ली नाही. पण तुमच्यावर रागावले नाही. पावसावर कोण रागावतं? वेळापत्रकात बसत नाही म्हणजे बसत नाही, असंच मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुभाष रोडवरून दगड बघायचं भिंग घेऊन आलात, घडी घालता येणारं, पितळी कडीचं. माझ्या हातात दिलंत आणि पाय धुवायला गेलात. मला वाटलं, मुलगी भूगर्भशास्त्र घेतेय म्हणून कौतुकानं आणलं. ते भिंग अजून माझ्या गळ्यात असतं, मुलांना खडक दाखवताना.

डबा उघडला तेव्हा चकत्यांच्या खाली त्या वर्षीचा तक्ता निघाला, चार घड्या केलेला. मी पलंगावर पसरला आणि सहज बघू लागले. तुम्ही सगळी वर्षं सोडून तेवढाच एक का जपून ठेवला होता, ते मला पाच मिनिटांत कळलं, अप्पा. बसत होतं. अकराचा भूगर्भशास्त्राचा तास बाराला न्यायचा, ते सर बाराला मोकळेच होते. बाराला आमच्या वर्गाला तुमचं गणित होतं, ते चारला न्यायचं. दोन विषयांच्या चकत्या हलवायच्या होत्या, बस्स. पण एक वाजल्यानंतर तुमची एकही हळदीची चकती सबंध तक्त्यावर नाही, सोमवार ते शनिवार. बाकी सगळ्यांना चारचे तास होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. तुम्ही दीडला घरी यायचात, भात जेवायचात आणि पाय भिंतीला उंच टेकवून आडवे व्हायचात. घरी कुणी आजारी नव्हतं, तुमचं दुसरं काही कामही नव्हतं. माझा इतिहास तुमच्या दुपारच्या झोपेपायी गेला. चाळीस वर्षं मी त्याला नशीब म्हणत होते. हे कळल्यावर मी आठवडाभर देवघरातल्या तुमच्या फोटोला हार घातला नाही. सुनेनं विचारलं तर सांगितलं, फुलं महाग झालीत.

पण आज लिहायला बसले ते त्यासाठी नाही. महिन्यापूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली होती. पहिल्या वर्षाला आहे, वडील अमरगोळच्या बाजारात मिरचीचे अडते, घरचं बोलणं आपल्यासारखंच. नव्या पदवीचं तिच्या कानावर आलं होतं आणि तिला पुढच्या वर्षी तीच घ्यायची होती. मी सांगितलं, पदवी येईल, पण शिलालेखांचा विषय त्यात नक्की असेल असं धरू नको, सोमवार-बुधवारी तो माझ्या प्रात्यक्षिकावर येतोय, वेळापत्रकात बसत नाही. उर्मटपणा नाही, काही नाही, साध्या आवाजात ती म्हणाली, "बसवलं तर बसतंय की, मॅडम." मी तिला जा म्हटलं. मसुद्यात शिलालेखांच्या विषयापुढे 'वेळापत्रकाच्या सोयीनुसार' एवढे शब्द घातले आणि समितीनं एका मिनिटात मान्य केले. सगळे दमले होते. त्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक आहे: तो विषय कधीच शिकवला जाणार नाही, आणि राहील ती नुसती तीन विषयांची गोधडी. आणि ती मुलगी माझ्यासारखी एक धरेल, नीट धरेल.

काल नवा तक्ता मांडला तुमच्याच चकत्यांनी. माझं प्रात्यक्षिक तीन ते पाच घेतलं की सगळं बसतं. मीही दोनला घरी येते, अप्पा. ज्येष्ठ म्हणून मिळालेली सोय आहे, कुणी विचारत नाही. गुडघे दुखतात, सकाळपासून उभं राहून दुपारी डोळे मिटतात. तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयापेक्षा पाचेक वर्षांनी लहानच होता, पण दमणं दमणंच असतं. तक्त्याकडे मीही बराच वेळ पाहत बसले. तुम्ही तेव्हा काय पाहत होता ते आता मला पुरतं ठाऊक आहे.

उद्या दहाला मसुदा द्यायचा आहे. सोयीनुसारचे ते दोन शब्द मी खोडलेत आणि माझी चकती तीनच्या रकान्यात ठेवली आहे, हळद लागलेली, तुमचीच. ती मुलगी, शिलालेख, विद्येची सेवा, असलं काही सांगत नाही. चकती हलवली नसती तर तुमच्यावर रागवायचा हक्क गेला असता, आणि तो मला हवा होता. आता हक्क मिळाला आहे. हे पत्र घडी करून त्या तक्त्याबरोबर डब्यात ठेवते, वर झाकण लावते. पण पाय सुजलेत म्हणून मघापासून भिंतीला उंच टेकवूनच हे लिहितेय, अप्पा, आणि असं पडून तुमच्यावर काही धड रागावता येत नाही.