दादाबरोबर पाणथळावर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज थोडक्यात वाचले. मी कसली, ती बाई वाचली! संध्याकाळची फेरी, बाजाराचा थांबा. ती डावीकडून रस्त्यात उतरली आणि मला दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला, "ताई, ब्रेक!" पाय आपोआप गेला. बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. बाईने मला यथेच्छ शिव्या घातल्या. बरोबरच होतं तिचं.

कंडक्टरला म्हटलं, समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले. समोर गाडीच नव्हती.

४ नोव्हेंबर

डेपोतल्या साहेबांकडे सकाळची शिफ्ट मागितली. कारण काय, तर घरी वहिनीला मदत. वहिनीला आणि माझी मदत! ऐकलं तर हसून लोळेल. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून बघू." तोवर संध्याकाळचीच.

एका जागी बसवत नाही.

६ नोव्हेंबर

रविवारी डेपोतली मंडळी सायकलवरून पाणथळाच्या अभयारण्यात जाणार. सकाळी निघून संध्याकाळी परत. हे सगळं फोरमनकाकांच्या डोक्यातून निघालेलं. त्यांनी वर्कशॉपमध्ये दोन जुन्या सायकली जोडून एक लांबलचक जोडसायकल केली आहे, खास दादासाठी. पुढे मी, मागे दादा. वहिनी ती बघून म्हणाली, "सायकल कसली, पिठाची गिरणी दिसतेय!" दादा हात फिरवून फिरवून तपासत होता. हँडल, साखळी, मागची सीट. लहान मुलासारखा खूश. डोळे जायच्या आधी तो रंगकामाला जायचा तेसुद्धा सायकलवरूनच, खांद्यावर शिडी घेऊन.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

७ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी अंधारात दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग भिंतीवरचा रंग कुठे लागला नि कुठे राहिला ते कळेना. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हे घराण्यातून येतं, बहिणीचेही डोळे तपासा. हो हो म्हटलं. आजवर हो हो म्हणतेच आहे.

८ नोव्हेंबर

हवा भरली. पाण्याच्या बाटल्या भरल्या. स्वयंपाकघरात कपाटाच्या उघड्या दारावर आपटले. टेंगूळ. वहिनी म्हणाली, "लक्ष कुठे असतं गं तुझं!"

९ नोव्हेंबर, रविवार

झोपायची वेळ टळून गेलीय. तरी लिहिते.

सकाळी निघालो तेव्हा मजा होती. पुढे फोरमनकाका शिट्टी वाजवत, शेजारी वहिनीची अखंड बडबड, मागे दादा. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "काय दिसतंय?" मी सांगत गेले. बांध. दोन्हीकडे पाणी. पाण्यात आभाळ. लव्हाळ्यात बगळे, एक खंड्या तारेवर. मध्येच म्हणाला, "आज भारी बारीक सांगतेस! एरवी 'झाडं आहेत' म्हणून मोकळी होतेस." खरंच अधाशासारखी बघत होते सगळं.

पाण्याच्या कडेला पक्षी बघायची लाकडी खोली आहे. आत अंधार, समोरच्या भिंतीत आडवी फट. बाहेर लख्ख ऊन. आत पाऊल टाकलं आणि सगळं काळं! थांबले. डोळे सरावतील म्हटलं. बाकीचे भराभर पुढे जाऊन बसले, माझं काळं काही हटेना. एक पाऊल टाकलं ते बाकावर अडखळून गुडघ्यावरच पडले. कोणीतरी हसलं. वहिनी म्हणाली, "अगं, एवढा मोठा बाक दिसला नाही?"

तेवढ्यात कोपरावर हात आला. दादाचा. काठीने चाचपत मला फटीपाशी नेलं, बसवलं. फोरमनकाका कुजबुजले, "ते बघा, पाणमांजर! दोन पिल्लं आहेत!" सगळे आ वासून बघताहेत. मी इकडे बघते, तिकडे बघते. नुसतं पाणी! कुठे? कुठे? "अगं, हे काय, उजवीकडे!" मान वळवली तोवर बुडी मारून गेली.

दादा शेजारी. म्हणाला, "मलाही नाही दिसली." सगळे हसले. मला मात्र घाम फुटला.

परतताना वहिनी पुढे गेल्यावर दादाने विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बारके, आंधळा मी आहे. तू कशाला नाटक करतेस?"

भडकलेच! म्हटलं, डोक्याला आधीच ताप आहे, तू आणखी वाढवू नकोस. ऊन होतं, दिपले. एवढंच.

मागचे पाय थांबले. सायकल एकदम जड झाली. तशीच ओढत राहिले, पण शेवटी बांधावर उतरावंच लागलं.

तो शांतपणे म्हणाला, "मी पण लपवलं होतं. पण मी रंगारी होतो. भिंतीवर डाग राहिला तर राहिला. तू बस चालवतेस."

बाजाराच्या थांब्याचं सांगितलं मग. सगळं. रडू आवरेना. तो म्हणाला, "आधी नाक पूस. तुझी वहिनी मागे वळून बघत असेल." खरंच बघत होती.

१० नोव्हेंबर

शिफ्टला गेले नाही. ताप आलाय असं कळवलं. दादा म्हणाला, "हे शेवटचं खोटं."

डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली. वहिनीने स्वतः फोन केला. तिला रात्रीच सगळं सांगितलं होतं. दुपारी कांदा चिरताना डोळे पुसत होती. कांदा चिरून संपला तरी पुसतच होती.

मला मात्र गाडीच आठवतेय. रिकामी बस सकाळी डेपोतून बाहेर काढायची, सगळा रस्ता आपला! बायका गाडी चालवतात का म्हणून थांब्यावर लोक वाकून बघायचे. मी मुद्दाम हॉर्न द्यायचे.

११ नोव्हेंबर

कदाचित नसेलही. थकवा असेल. चष्म्याचा नंबर असेल. का नसावा?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आहे.

डॉक्टरांकडून थेट डेपोत गेले. साहेबांना बाजाराच्या थांब्याचंही सांगितलं. म्हटलं, आजपासून गाडी चालवणार नाही. ते म्हणाले, "आज माणूस नाही हो, आजची संध्याकाळ तरी काढा." म्हटलं, नाही.

घरी दादा दारातच उभा होता. सांगितलं. "बरं," म्हणाला. माझी पिशवी चाचपून काढून घेतली. मग म्हणाला, "जेवलीस का?"