भेसळीचं झाड

निरगुडसर, १७ फेब्रु. २००२
…एकशे बारा, एकशे तेरा. मी मोजतोय, भामाबाई उपटतेय. बोकड्या रोगाने पानं वळलेलं टोमॅटोचं एकही झाड रानात ठेवायचं नाही, असं धाकट्या बहिणीने, शुभाने बजावलंय. बाई सहा वर्षं बियाण्याच्या प्लॉटवर भेसळ, म्हणजे वेगळं दिसणारं झाड, उपटायला होती. मी एका झाडाकडे दोनदा बघेपर्यंत तिचा हात बुंध्याला.
निम्मं रान मोकळं. शुभा खूश. "दादा, हिशोबाने निम्मंच जायला हवं होतं."

१८ फेब्रु.
जेवताना वडिलांनी, आण्णांनी विचारलं, हे चाललंय काय. शुभाने सांगितलं. रानटी टोमॅटोला बोकड्या होत नाही, पण फळ गोटीएवढं. आपल्या टोमॅटोशी त्याचा संकर केला. आता रोपात निरोगीपणा आला की बारीक फळही येतं. दोन्ही गुण एकाच गुणसूत्रावर, लागून. फुलात पराग, बीजांड तयार होताना जोडीतली गुणसूत्रं शेजारी येतात, एकाच जागी तुटतात, तुकड्यांची अदलाबदल करतात. कुठे तुटेल ते ठरलेलं नाही. या दोन गुणांच्या मध्ये तुटलं, तर निरोगी झाड आणि मोठं फळ.
आण्णांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "म्हंजी हीर आन् मुरमाड रान लागून हाये. दोन भावांनी तुकडं बदललं तरी हिरीवाल्याला मुरूम येतोच. बांध नेमका मधनं पडाय पायजे."
"हो. क्वचित पडतो."
"मंग ह्या हंगामात बघ. पुढं तिथं ऊस."
मी मराठीचा मास्तर. दोन वर्षं ऐकून जे कळलं नव्हतं ते आण्णांना अर्ध्या भाकरीत.

१२ मार्च
सरी सातवी, झाड चाळिसावं. पानं सपाट, हिरवी. फळं लिंबाएवढी, अजून वाढताहेत. आजूबाजूला सगळ्या गोट्या. शुभा उकिडवी बसून राहिली. म्हणाली, हेच.
मी विचारलं, रोग चुकून टळला असेल तर?
"ते याच्या बीची रोपं लावल्यावर कळेल. पण हेच."
खूण बांधली नाही. खूण दिसली की लोक फळ तोडून बघतात, असं तिचं म्हणणं. वहीत नोंद. कोणाला सांगायचं नाही.

१६ मार्च
शुभा पुण्याला. मी परीक्षेच्या कामावर. भामाबाई एकटीच खुरपायला. चारला आलो तेव्हा बांधावर बसली होती, समाधानी.
"मास्तर, एक भेसळ ऱ्हायली व्हती बगा. समद्यांला गोट्या आन् त्या एकालाच थोरलं फळ. दिली उपटून. तुमाला न्हाई दिसायची."
झाड तिच्यामागे, पालथं. फळं कोवळी, बी कच्चं.
शुभा सहाच्या एसटीने. ओरडली नाही. मुळं हातात घेतली. सुकलेली. मग बाईला सगळं सांगितलं, आण्णांच्या बांधासकट.
बाई झाडाशी बसली. "येगळं दिसंल ते उपटाय शिकवलं आमाला. राखाय कुनी शिकवलं न्हाई. आदी सांगायचं व्हतंस, पोरी."
"चुकलं, मावशी."
बाईनेच झाडाच्या बेचक्यांतले फुटवे मोडले. पाच निघाले. फुलं, निम्मी पानं खुडली. रांजणाखालची वाळू कायम ओली. तिथे खोचले, वर टोपली पालथी घातली. "टमाट्याचा फुटवा मूळ धरतोय. सकाळपत्तूर उचलायची न्हाई."
शुभा मला म्हणाली, फुटव्यातही तेच गुणसूत्र, तसंच तुटलेलं. एक धरला तरी काही गेलं नाही. हे तिला आधीच माहीत होतं. पण फुटवे तिने बाईलाच मोडू दिले.
उसाचं बेणं सांगून ठेवू का, आण्णांनी विचारलं.

१७ मार्च
स. साडेसहा. भामाबाई आमच्या आधी आली होती. टोपलीला हात लावला नव्हता. शुभाने उचलली. तीन फुटवे माना टाकून, दोन ताठ. टोपली परत ठेवली. बाईने रांजण भरला.