अक्कांची वाटी आणि न परतणारं फंक्शन

धुळे, रविवार, संध्याकाळ

प्रोग्रॅमिंग भाषांवरच्या माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणातली चूक आज सापडली. कुठल्याही टाइपची वस्तू, आकडा असो की शब्द, घेऊन त्याच टाइपची परत देणारं पॉलिमॉर्फिक फंक्शन एकच, घेतलं तेच जसंच्या तसं देणारं, असं मी सिद्ध करून बसले होते. पण माझ्या प्रबंधातल्या भाषेत रिकर्शन आहे, फंक्शन स्वतःलाच बोलावू शकतं! म्हणजे आणखी एक निघतं: घेतं, स्वतःलाच हाक मारत राहतं आणि कधीच काही परत देत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, देईलच आता.

इतकं साधं सुटलं कसं? आणि सांगू कुणाला? इथे कॉलेजात कुणाला...

ओट्यावर खालच्या अक्कांची वाटी. भरीत दिलं होतं त्यांनी, महिना झाला. रिकामी कशी परत द्यायची? आणि एकटीसाठी मी रांधते तरी काय? अक्का दारात नसतील तेव्हाच जिना उतरते हल्ली. आज त्यांनी गाठलंच.

"वाटी रिकामी दिधी तरी चाली, बेटा. पन ये तरी."

"येते," म्हटलं आणि वर आले.

वाटी अजून ओट्यावरच आहे. खाली अक्कांना वाटत असेल, येईलच आता.